जिन्यावरची मोकळी जागा

१

रोज सकाळी माणसं कामावर आली की सर आधी त्यांच्या कपाळाकडे बघत. जुनं टेंगूळ ओसरलं का, नवीन आलं का. त्या घरात हजेरी घेण्याची ती पद्धतच पडली होती.

माळ्यावर खोली काढायला घेतल्यापासून तुळईने कोणाला सोडलं नव्हतं. बैठकीच्या खोलीतून चढणारा नवा जिना जिथे वर निघत होता, तिथेच शेवटच्या पायऱ्यांच्या डोक्यावर ती आडवी होती. एका भिंतीतून निघून दुसऱ्या भिंतीत शिरलेली, कवेत न मावणारी, काळी पडलेली. गवंडी तिच्यावर आपटला, रंगारी आपटला, खिडक्यांची मापं घ्यायला आलेला माणूस तर माप न घेताच खाली बसला. सरांनी तिच्याभोवती जुनी उशी बांधली, तर लोक निर्धास्त होऊन जास्तच जोरात आपटू लागले. फक्त वायरमन ताठ मानेने ये-जा करायचा. तो इतका ठेंगणा होता की सगळे त्याला ‘बटण’ म्हणत. आपल्या उंचीचा कोणी हेवा करावा असा हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच जिना.

सुतार मात्र ताडमाड. त्याला सगळे ‘शिडी’ म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

“सर, तुळई हलत नाही, जिना हलतो,” शिडीने सुरुवातीलाच सांगितलं होतं. “जिन्याला वळण देऊ. विषय संपला.”

“वळणाच्या पायऱ्या एका बाजूला निमुळत्या होतात. माझी नात धावत उतरते.”

“मग तिला धावू नका देऊ.”

“तुम्ही तिला अजून भेटला नाहीत.”

सरांनी हयातभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. आपलं गणित चुकलं तर, ही भीती त्यांना फळ्यासमोर रोज वाटत आली होती आणि म्हणूनच बहुधा ते क्वचित चुकले. तुळईचा जिन्यावरचा तेवढा भाग कापायचा, दोन्ही कापलेली टोकं नव्या आडव्या लाकडांवर घ्यायची, ती लाकडं नव्या खांबांवर. हे त्यांनी इतक्या वेळा मांडून पाहिलं की लेक फोनवर म्हणाली, “बाबा, पडणार नाही ना? एवढंच सांगा.”

“भार नाहीसा होत नाही गं. तो फक्त जागा बदलतो. आपण त्याला चांगली जागा देतोय.”

हे घर उभं राहणं आणि आपलं डोकं ठिकाणावर असणं, या दोन्ही गोष्टी एकच झाल्या होत्या हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पत्नी गेल्यावर ते एकदा गॅस पेटता ठेवून फिरायला गेले. तेव्हापासून थोरल्या मुलाने धोशा लावला होता: घर विका आणि म्हाताऱ्यांची नीट व्यवस्था असते अशा ठिकाणी जा. लेक आडवी आली. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती मुलीला घेऊन एका भाड्याच्या खोलीत राहत होती. ती म्हणाली, मी बाबांजवळ राहते, वर आमच्यापुरती खोली काढू. थोरल्याने मान्य केलं, पण एक वाक्य मागे ठेवूनच: “बाबा ठीक आहेत तोवर.”

तुळई कापली त्या दिवशी सर खाली खुर्ची घेऊन बसले आणि प्रत्येक आवाजाला उठले. टेकू लागले, करवत चालली, दोरांना बांधलेला तो काळा तुकडा हळूहळू खाली उतरला. घर कण्हलं नाही. कुठे तडा गेला नाही. वरून जिन्यात पहिल्यांदाच उजेडाचा पट्टा पडला.

शिडी वरच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर ताणले.

“घ्या सर! आता जिराफ न्या वर!”

२

दुसऱ्या दिवशी शिडी खांद्यावर फळी घेऊन, शीळ वाजवत जिना चढला. शेवटच्या पायऱ्यांशी त्याने गुडघे वाकवले, मान खांद्यात घातली, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सरळ झाला. शीळ तुटली नाही.

“अहो मिस्त्री, कापलीत ना ती कालच?” सर खालून हसत म्हणाले.

“काय?”

“वाकलात की!”

“मी? छे.” मग तोही हसला. “असेल, सवय.”

सवयच. पाय आणि मान यांची स्वतःची आठवण असते, डोक्याला विचारायला ती थांबत नाहीत. सरांना बरं वाटलं, कारण हे त्यांना समजत होतं. गवंडी वाकला, रंगारी वाकला, सरांनी प्रत्येक वेळी मनातल्या मनात हसून घेतलं. स्वतः ते वर-खाली जाऊन आले ते अगदी ताठ. आपल्याला जरा लवकर सवय सुटली, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

मग नातीचा पलंग आला. पोचवायला दोन हमाल होते, या घरात याआधी कधी न आलेले. पुढचा पलंगाचे पाय धरून चढला आणि त्या जागी वाकला. सरांच्या ओठांवर आलेलं हसू तिथेच राहिलं. मागच्याने गादी छातीशी उभी धरली होती, तिच्याआड त्याचं तोंड पूर्ण झाकलेलं होतं. त्याला समोरचं काहीही दिसत नव्हतं. तोही त्याच पायरीवर, तेवढाच वाकला.

ते उतरले तेव्हाही दोघे वाकले.

“तुम्ही पहिल्यांदाच आलात ना इथे?” सरांनी विचारलं.

“हो काका.”

“मग तिथे वाकलात का?”

“कोण वाकलं?” पुढचा म्हणाला आणि त्याने मागच्याकडे पाहिलं. मागच्याने खांदे उडवले. दोघांनी मग सरांकडे पाहिलं, ज्या नजरेने म्हाताऱ्या माणसांकडे पाहतात तसं, आणि जाताना दार फारच हळू ओढून घेतलं.

३

एखादी गोष्ट समजत नाही म्हणजे अजून नीट पाहिलेली नाही, असं सर वर्गात सांगत. ते पाहू लागले.

नातीचा एक रबरी चेंडू घरात होता. तो त्यांनी जिन्यातून वर फेकला. चेंडू मोकळ्या जागेतून गेला, माळ्याच्या छताला लागला आणि टप्पे खात खाली आला. झाडूचा दांडा आरपार फिरवला. दोऱ्याला किल्ली बांधून सोडली, ती सरळ लोंबकळली. शेवटी त्यांनी हात पुढे केला. काही नव्हतं. हवा जरा गार होती का? की वरच्या उघड्या खिडकीचा वारा? की आपल्यालाच तसं वाटलं? त्यांनी हात बराच वेळ तिथे ठेवला, आणि जितका वेळ ठेवला तितकं कमी सांगता येऊ लागलं.

वस्तू जात होत्या. माणसं तेवढी वाकत होती.

मग ते निमित्तं काढून लोकांना वर पाठवू लागले. “वरच्या खिडकीची कडी बघता का जरा?” “उजेड कसा पडतो सांगा बरं.” आळीत बोलबाला झाला की सरांना त्या जिन्याचं भारी कौतुक. शेजारचे दातांचे डॉक्टर आले, त्यांच्या मानेला पट्टा होता. ते मान तसूभर वाकवू शकत नव्हते. ते वरच्या पायऱ्यांशी पोचले, बोलता बोलता गुडघ्यातून खाली बसले, बदकासारखी दोन पावलं टाकली आणि पलीकडे उठले.

“झकास झालाय हं जिना,” वरून ते म्हणाले. “चढायला अगदी आरामाचा.”

“गुडघे दुखतात का हो तुमचे?” सरांनी विचारलं.

“माझे? मानेचं सोडलं तर मी ठणठणीत आहे. तुमचं काय?”

माणूस जिथवर वाकतो, तिथे सर भिंतीवर खडूची बारीक खूण करू लागले. उंच माणूस आणि बेताचा माणूस, सगळ्यांची डोकी त्या जागेखालून जाताना एकाच रेषेत यायची. तुळई होती तेव्हा तिची खालची कड कुठे होती, हे तर त्या घरात सगळ्यांच्या कपाळांना पाठ होतं. खडूची रेघ तिथे नव्हती. वीतभर खाली होती.

हे पाहून सर पायरीवरच बसले. आपण मोजताना चुकतोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्यांना मनापासून तसंच हवं होतं.

४

लेक आणि नात राहायला आल्या त्या एका टेम्पोतून. नातीला घरात ‘भिंगरी’ म्हणत, आणि ती आली की ते का, हे नव्याने कळायचं. तिने आल्याआल्या चपला दोन दिशांना भिरकावल्या, आजोबांच्या पोटात डोकं खुपसलं आणि जिन्याकडे धावली.

“हळू!” लेक आणि सर एकदमच ओरडले.

भिंगरी सुसाट वर गेली. ती जेमतेम कमरेएवढी, त्या रेघेच्या कितीतरी खालून गेली. सरांच्या जिवात जीव आला.

लेक दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघाली. वरच्या पायऱ्यांशी ती नीट कमरेतून वाकली आणि पलीकडे गेली.

“आई वाकली!” भिंगरी वरून खिदळली. “आई, तू अशी म्हातारीसारखी का चालतेस?”

“कोण म्हातारी गं? ये इकडे, दाखवते.”

“अगं वाकलीस! हो की नाही आजोबा?”

सर जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला ते दिसलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण ठिकाणावर आहोत. सबंध जगात ही एवढीशी पोर सोडली तर कोणाला ते ठाऊक नव्हतं, पण ठिकाणावर आहोत.

लेक कठड्यावरून खाली पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “बाबा, हे काय आहे? दादा म्हणत होता, तुम्ही लोकांना वाकलात का वाकलात का विचारत असता. डॉक्टरकाकांनी त्याला फोन केला होता.”

थोरल्याचं ते मागे ठेवलेलं वाक्य सरांना लख्ख ऐकू आलं.

“काही नाही गं,” ते म्हणाले. “आमचा खेळ आहे. गंमत.”

संध्याकाळी त्यांनी भिंगरीला मांडीवर घेतलं. “हे बघ, कोणी वाकलं तरी आपण बोलायचं नाही. कोणाबद्दलच नाही. चांगलं दिसत नाही ते.”

“तुमच्याबद्दल पण नाही?”

“माझ्याबद्दल काय असणार? पण नाही.”

“बरं,” भिंगरी म्हणाली, आणि आजोबांच्या चष्म्याच्या दांडीशी खेळत गप्प बसली. मूल शहाण्यासारखं गप्प बसलं म्हणून सरांना त्या वेळी समाधान वाटलं.

५

वरचं एक बटण ठिणग्या टाकत होतं, म्हणून बटणला बोलावलं. तो शीघ्रकोपी माणूस. “पुन्हा मलाच बोलवा. उंच माणसांनी काम बिघडवायचं, बुटक्याने निस्तरायचं,” असं बडबडत तो चढला. आणि वाकला.

सर भिंतीशी गेले. त्यांनी खडू हातात घेतला, पण खूण करायची त्यांना हिंमत झाली नाही. जुनी रेघ आता निरुपयोगी झाली होती, हे डोळ्यांना दिसतच होतं.

त्याच आठवड्यात लेक कपड्यांची टोपली घेऊन वर गेली, ती त्या जागी गुडघ्यांवर आली. टोपली तिने आधी पुढे सरकवली, मग मागोमाग स्वतः गेली. हे करताना ती भिंगरीला पाढे विचारत होती. एका सुरात, न अडखळता. भिंगरी मागून आली. तिने उत्तर दिलं आणि डोकं जरासं खाली केलं. जरासंच. पाऊस भुरभुरताना आपण करतो तसं.

सर उठून फोनपाशी गेले.

त्यांनी शिडीला फोन लावला. “तो तुकडा आहे का अजून?”

“आहे की तुमच्याच अंगणात. विकू नका म्हणालो होतो, चांगलं लाकूड आहे.”

“परत बसवायचा.”

मग शिडी म्हणाला, “सर, बरे आहात ना?”

तरी तो आला. माणसं घेऊन आला, टेकू लावले, दोर बांधले, तुकडा वर चढवला. सर त्यांना सांगत राहिले की होती तिथेच, तशीच, केसभरही इकडेतिकडे नाही. काहीही असो, जे होतं ते परत असलं की मधली जागा मोकळी राहणार नाही, एवढंच त्यांना सुचत होतं.

दोन्ही कापलेल्या टोकांच्या मधे भरपूर अंतर दिसत होतं. पलीकडची खिडकी दिसत होती. शिडीने तुकडा वर लोटला. तो अर्ध्यात थांबला. त्याने हात बदलले, पुन्हा लोटला.

“बसत नाही.”

“अहो, इथूनच कापलाय ना?”

“तेच म्हणतोय. इथूनच कापला आणि बसत नाही. जागाच नाही सर.”

“मिस्त्री, नीट बघा. काय आहे तिथे?”

शिडीने पाहिलं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही दंड थरथरत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि लाकूड हवेत, कशालाही न टेकता, एकाच ठिकाणी अडलेलं होतं. मग त्याची नजर बदलली. कशावर पडली ते कळलं नाही, पण ती तुळईच्या लांबीभर डावीकडून उजवीकडे गेली, भिंतीपाशी थांबली नाही, तशीच पुढे, स्वयंपाकघराच्या दिशेने सरकत राहिली.

“खाली घ्या रे,” तो आपल्या माणसांना हळूच म्हणाला. “घाई करू नका. आधी खाली घ्या.”

जाताना तो सरांशी बोलला नाही. हत्यारांची पिशवीही त्याने नेली नाही. पुढे सरांनी केलेले फोन नुसते वाजत राहिले.

६

मग सरांनी लेकीला सगळं सांगितलं.

दुपारची वेळ होती, भिंगरी शाळेत होती. त्यांनी शक्य तितक्या कोरडेपणाने सांगितलं, वर्गात सांगत तसं. आधी काय पाहिलं, मग काय तपासलं, कुठे आपली चूक असू शकते. लेक टेबलावरचा एक डाग बोटाने पुसत ऐकत होती.

“तुम्हाला तिथे काय दिसतं बाबा?”

“काहीच दिसत नाही. तेच तर.”

“मग?”

“तुम्ही कसे जाता ते दिसतं.”

“मी गुडघ्यांवर जाते? जिन्यावर?”

“हो.”

“आणि मला कळत नाही?”

“नाही.”

तिने बोट डागावरून उचललं. मग म्हणाली, “दादाला मी किती वेळा सांगितलं, बाबा ठीक आहेत म्हणून. भांडले त्याच्याशी. ती भाड्याची खोली पण सोडली मी बाबा, आता मला परत कोण देणारे? माझ्याकडे दुसरीकडे जायला जागा नाहीये.” तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण गेलं. “आणि भिंगरीला काय सांगून ठेवलंय तुम्ही? ती परवा म्हणाली, मी काही बोलणार नाही, आजोबांनी सांगितलंय. काय बोलणार नाही ती?”

सरांनी स्वतःला विचारून पाहिलं: तू चुकत असशील तर? डोक्यात एखादी शीर सुकली असेल आणि बाकी घर जसंच्या तसं असेल तर? तसं असतं तर किती बरं होतं. एक म्हातारा वेडा झाला, एवढीच हानी. पण तसं नसेल, तर हळूहळू वाकू लागलेली ती एवढीशी मान.

“एक कर,” ते म्हणाले. “तुम्ही दोघी खाली माझ्या खोलीत या. जिन्याचं नावच नको. मी वर झोपतो. एवढं ऐक, मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. थोरला म्हणेल तिथे राहायलाही जातो. घर विका हवं तर.”

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. ज्या गोष्टीसाठी ते इतकी वर्षं अडून बसले होते, ती त्यांनी अशी टेबलावर ठेवली, हे तिला समजलं.

“तुमच्या गुडघ्यांना जिना झेपेल?”

“ताठ चढतो मी.”

“बरं बाबा,” ती म्हणाली आणि तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. “उद्या सुट्टी आहे. परवा डॉक्टरकडे जाऊ.”

अंथरूण वर नेताना भिंगरी पायथ्याशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. शेवटच्या पायऱ्यांशी तिने पटकन तोंडावर हात ठेवला. सरांना वाटलं, हसू आवरतेय.

७

सर जागे झाले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. कित्येक दिवसांनी ते गाढ झोपले होते. नव्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलं होतं. खालून भाजलेल्या पावाचा वास येत होता, कपबशा वाजत होत्या, आणि लेक फोनवर बोलत होती. थोरल्याशी असणार.

“हो, तयार झाले. स्वतःहून म्हणाले. नाही रे, चिडचिड काही नाही… आज तू बोल त्यांच्याशी, पण प्रेमाने बोल.”

तिचा आवाज मोकळा होता. सरांना वाटलं, झालं ते बरं झालं. जिन्यावरच्या त्या जागेखालून दोघी निसटल्या. आता आपलं काय व्हायचं ते होवो.

ते उठले आणि जिन्याच्या तोंडाशी आले. तिथून कठड्याच्या गजांमधून खालची सगळी खोली दिसे.

टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. टेबलावर पाव, चहा, दुधाचा पेला. लेक त्यांना आधी दिसलीच नाही. मग फरशीवरून एक हात वर आला, टेबलाच्या कडेने चाचपत कपापर्यंत पोचला आणि कप घेऊन खाली गेला.

ती टेबलाशेजारी पालथी पडलेली होती. फोन तिने कान आणि फरशी यांच्यामध्ये धरला होता. “अरे, घर इतकं हवेशीर झालंय ना,” ती म्हणत होती. “ये एकदा बघायला.” तिने मान तिरकी करून चहाचा घोट घ्यायचा प्रयत्न केला. चहा फरशीवर ओघळला. तिला ते समजलं नाही. जिना तिच्यापासून खोलीभर लांब होता.

भिंगरी तिच्या पलीकडे होती. तिचेही हात दोन्ही बाजूंना पसरलेले, एक पाय पुढे सरकवायची खटपट करत होता. ती दाराकडे निघाली असावी. दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन होतं, रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत ताठ बसून गेलं.

“बाहेर जा!” सर ओरडले. “दोघी बाहेर जा! आत्ता!”

“हो बाबा,” लेक फोन बाजूला करून म्हणाली. “चहा झाला की निघतोच आहोत. तुम्ही पण या ना खाली.”

सर धावले. निदान पाय तसे हलले. पण पहिली पायरी येईना. ती होती तिथेच राहिली, फार जवळ. तिच्या लाकडातली प्रत्येक शीर त्यांना दिसत होती, फटीतला भुसा दिसत होता, त्यावर आपल्याच श्वासाने हलणारा एक धागा दिसत होता. पायरी इतक्या जवळून आपण कधी पाहिली होती, हे त्यांना आठवेना. चष्म्याची काच कशाला तरी घासून करकरली.

खाली भिंगरीने मोठ्या कष्टाने मान वळवली. तिचा गाल फरशीवर दाबून चपटा झाला होता, त्यामुळे तिचे शब्द जरा बोबडे आले.

“आजोबा, मी बोलू? तुम्ही रागावणार नाही?”

“बोल गं.”

“तुम्ही आडवे का पडलात?”

सरांनी तळहातांनी जोर लावला. पाठीवर काही नव्हतं. खरोखरच काही नव्हतं.

“नाही बाळा,” ते म्हणाले. “मी उभा आहे.”

भिंगरीला हायसं वाटलेलं दिसलं.

“मीपण,” ती म्हणाली.